मनिलात चर्चच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलंय? जाण्याआधी हे वाचून घ्या

ऑफिसात जॉइन होऊन आठवडा होत नाही तोच शेजारच्या डेस्कवरची कुणीतरी विचारते, संडेला काय करतेयस, आमच्याकडे गॅदरिंग आहे, ये ना. फिलिपिन्सला नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाला हे बोलावणं येतंच, मग तो मकातीला आयटीत असो नाहीतर दावाओला एमबीबीएस करायला आलेला असो. आणि आपण काय करतो, तर काहीतरी कारण सांगून टाळतो. धर्मात ओढतील, काय घालायचं माहीत नाही, खायला काय असेल कोण जाणे, नकोच ते. मीपण पहिले सात-आठ महिने हेच केलं आणि तेवढ्या काळात माझी ओळख झाली ती फक्त फ्लॅटमधल्या दोन मुलींशी आणि इंडियन ग्रोसरीवाल्याशी. नंतर एकदा गेले आणि मग जातच राहिले. म्हणून सांगते, बोलावलं की जा, आणि गेलात की पाहुण्यासारखं खुर्चीत बसून राहू नका, हाताला काम मागा. बाकी खाली जे लिहिलंय ते सगळं ह्यासाठीच.

आधी विचारा, बोलावणं कुणाचं आहे

इथे २०२० च्या जनगणनेत ७८.८ टक्के लोक रोमन कॅथलिक निघाले, म्हणून आपण सगळ्यांनाच एका मापात मोजतो, पण तसं नाहीये. समोरचा माणूस कोणता शब्द वापरतो तिकडे लक्ष द्या. "मास"ला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेला, ये म्हणाला तर कॅथलिक. "संडे सर्व्हिस" किंवा "वर्शिप" म्हणाला तर बहुतेक बॉर्न अगेन, म्हणजे प्रोटेस्टंट वळणाचे ख्रिश्चन, त्यांची व्हिक्टरी, सीसीएफ, जीझस इज लॉर्ड वगैरे चर्चेस. आणि "पग्सांबा" म्हणाला तर इग्लेसिया नी क्रिस्तो, हा इथलाच वेगळा ख्रिस्ती पंथ, जो फेलिक्स मनालो यांनी १९१४ मध्ये सुरू केला, त्यांच्या उंच टोकदार मनोऱ्यांच्या चर्चबिल्डिंगा तुम्हाला हायवेवरूनच दिसतील.

हा फरक माहीत नसला तर नकळत माणसं दुखावतात. इग्लेसियावाले ख्रिसमस पाळत नाहीत, त्यांना मेरी ख्रिसमसचा मेसेज फॉरवर्ड करू नका. रक्त घातलेलं दिनुगुआन ते खात नाहीत. त्यांच्याकडे बायका एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला बसतात, त्यामुळे नवरा-बायको गेलात तर आत वेगवेगळं बसावं लागेल, घाबरू नका, बाहेर भेटता. तिथे शिस्त कडक असते, शांत बसायचं, फोन बंद. उलट बॉर्न अगेनवाल्यांची सर्व्हिस बऱ्याचदा मॉलमधल्या हॉलमध्ये असते, स्टेजवर बँड, लाइट्स, जीन्स घातलेला पास्टर, आणि नंतर कॉफी पीत चार-सहा जणांचा छोटा ग्रुप. कॅथलिकांमध्येही एल शद्दाईसारख्या चळवळी आहेत, तिथे लोक छत्र्या उलट्या करून वर धरतात, आशीर्वाद झेलायला. पहिल्यांदा बघितलं की आपण गोंधळतो, म्हणून आधीच सांगितलं.

कपडे आणि वेळ

शॉर्ट्स, स्लीव्हलेस आणि स्लिपर घालून चर्चमध्ये जायचं नाही, बऱ्याच चर्चच्या दारात तसा बोर्डच लावलेला असतो. आपला साधा कुर्ता-सलवार एकदम बेस्ट. साडी नेसलात तर फोटोंमध्येच अर्धा तास जाईल हे धरून चाला. मॉलच्या हॉलमध्ये एसी फार असतो, ओढणी न्या, आणि उघड्या चॅपलमध्ये इतकं उकडतं की सगळ्या बायकांच्या हातात पंखा असतो.

गॅदरिंग सांगितलेल्या वेळेच्या तासाभरानं सुरू होईल, मास मात्र वेळेवर सुरू होतो, तिथे दहा मिनिटं आधी पोचा.

आत गेल्यावर

घरचं गॅदरिंग असेल तर दारातच एखादी लोला, म्हणजे आजी, हात पुढे करेल. तळवा खाली, बोटं सैल सोडलेली. तो शेकहँडचा हात नाहीये. आपण किंचित वाकायचं, तिचा हात आपल्या हाताने हळूच धरायचा आणि हाताची मागची बाजू आपल्या कपाळाला लावायची, तोंडाने म्हणायचं "मानो पो". चुंबन घ्यायचं नाही, नुसता स्पर्श. माझ्या पहिल्या वेळी त्या आजींचा हात इतका हलका आणि गार होता, बहुतेक नुकतेच तांदूळ धुवून आल्या होत्या, आणि कपाळाला लावल्याबरोबर मला आपण गावी गेल्यावर आजीच्या पाया पडतो तेच आठवलं. ही एवढी एक गोष्ट शिकून गेलात तरी घरातले सगळे तुमच्याशी वेगळ्या मायेनं वागतात. "पो" म्हणजे आपल्या "जी"सारखं, मोठ्यांशी बोलताना प्रत्येक वाक्यात टाका. वयाने मोठ्या मुलीला आते, मुलाला कुया, मावशीच्या वयाच्या बाईला तिता. नुसतं नाव घेऊन हाक मारू नका. हे मनिलाचं तागालोग झालं, सेबू-दावाओकडे बिसाया बोलतात, पण मानो तिथेही चालतं.

मासमध्ये लोक उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही नुसतं शांत बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. "आमा नामिन" ही प्रार्थना सुरू झाली की शेजारचे हात धरतात, द्या हात. थोड्या वेळाने सगळे एकमेकांकडे बघून पीस बी विथ यू म्हणतात, मान लववून हसलात तरी पुरे. दानाची पिशवी फिरते, वीस-पन्नास पेसो टाका, नाही टाकले तरी चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटाकडे लोक रांग लावून फादरकडून पांढरी पातळ चकती घेतात, त्याला कम्युनियन म्हणतात. तो प्रसाद नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की प्रसाद नाकारू नये, त्यामुळे आपली मंडळी श्रद्धेने रांगेत उभी राहतात, माझ्याबरोबर आलेला सोलापूरचा एक मुलगा असाच राहिला होता. पण कॅथलिकांसाठी ती चकती म्हणजे खुद्द ख्रिस्ताचं शरीर, आणि ती बाप्तिस्मा झालेल्या, तयारी केलेल्या कॅथलिकांनीच घ्यायची असते. तुम्ही जागेवरच बसा, ज्यांना जायचंय त्यांना वाट द्या. अजून एक, घेतली आणि खिशात ठेवली असं तर कधीच करू नका, त्यांच्या दृष्टीने तो फार मोठा अपमान आहे.

एकट्याने पहिल्यांदा बघायचं असेल तर

कुणाच्या बोलावण्याची वाट न बघता आधी एकदा स्वतः जाऊन यायचं असेल तर बुधवारी मनिलाजवळच्या बाक्लारान चर्चला जा. मी प्रभादेवीची. माझी आई कित्येक वर्षं बुधवारी माहीमच्या चर्चला जायची, आम्ही हिंदू, घरात गणपती बसतो, पण बुधवार म्हणजे माहीम. बाक्लारानला आत गेले आणि समोर तोच फोटो, तीच सोनेरी पाठीमागची मेरी, तेच कडेवरचं बाळ, त्याच्या पायातून सुटलेली ती एक चप्पल. तिथेही बुधवारीच नोव्हेनाची प्रार्थना. नंतर वाचलं तर माहीमची नोव्हेना १९४८ ची आणि बाक्लारानचीही १९४८ ची. मी तिथल्या बाकावर बसून आईला व्हिडिओ कॉल लावला, ती काही बोललीच नाही, नुसती हात जोडून बघत बसली.

माहीमला आपण मेणाचं घर, मेणाचे हात-पाय वाहतो, बाक्लारानला लोक चिठ्ठी लिहितात. नोकरी लागू दे, मुलाचं ऑपरेशन नीट होऊ दे, आणि काम झालं की आभाराची चिठ्ठी वेगळी. त्यातल्या काही चिठ्ठ्या नोव्हेनात वाचून दाखवतात. मधल्या वाटेवरून काही जण गुडघ्यांवर चालत वेदीपर्यंत जातात, त्यांना रस्ता सोडा आणि प्लीज त्यांचा फोटो काढू नका.

शुक्रवार मनिलातल्या कियापो चर्चचा, तिथे काळ्या नाझरेथकराची, म्हणजे येशूची, मूर्ती आहे. ९ जानेवारीला तिची त्रास्लासियोन मिरवणूक निघते, लाखो माणसं अनवाणी, मरून टीशर्ट घालून, गाडीच्या दोराला हात लावायला धडपडत असतात. लालबागच्या राजाच्या विसर्जनात आपण मुरलोय असं वाटून पहिल्याच वर्षी त्या दोराजवळ जाऊ नका, दरवर्षी लोक चेंगरतात, बेशुद्ध पडतात. आधी एखाद्या साध्या शुक्रवारी जाऊन या.

जेवण

शाकाहारींनो, तुमच्यासाठी हा भाग दोनदा वाचण्यासारखा आहे. गॅदरिंगला टेबलावर पान्सित नूडल्स, लुम्पियांग शांघाय म्हणजे मांस भरलेले तळलेले रोल, आदोबो म्हणजे व्हिनेगर-सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस, आणि मोठा कार्यक्रम असेल तर मधोमध अख्खं भाजलेलं डुक्कर, लेचोन. भाजी दिसली म्हणून भाजी समजू नका, पिनाकबेतमध्ये कोळंबीची पेस्ट असते आणि तिला बागोओंग म्हणतात. नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, आणि नुसतं कार्ने, म्हणजे मांस, नको म्हटलं तर चिकन वाढतील, कारण बऱ्याच जणांच्या हिशोबात चिकन कार्नेमध्ये येतच नाही. वाक्य असं पाठ करा, "वालांग कार्ने पो, वालांग मानोक, वालांग इस्दा". मांस, कोंबडी, मासे नको. बीफ टाळायचं असेल तर शब्द बाका, पोर्कला बाबोय.

सगळ्यात सोपं म्हणजे बोलावणाऱ्याला दोन दिवस आधी सांगा आणि स्वतः एक पदार्थ घेऊन जा. मी लेमन राइस नाहीतर बटाट्याची सुकी भाजी नेते, दरवेळी डबा चाटूनपुसून साफ होतो. तिथलं म्हणाल तर साधा भात, फळं, केळ्याचा गोड तुरोन हे निवांत खा. आणि जेवायला हात लावायच्या आधी थांबा, प्रार्थना होते. केळीच्या पानांवर भात पसरून सगळे हाताने जेवतात तो प्रकार असला तर तुम्ही आपोआप घरचे होता, त्यांना हाताने इतकं सफाईने जेवणारं परदेशी माणूस फारसं भेटत नाही.

धर्माचा विषय निघाला तर

निघणारच. तू कॅथलिक का, हा इथे नाव-गावाइतका साधा प्रश्न आहे, त्यात खोच नसते. सरळ सांगा, "हिंदू पो आको". नीट उच्चारा, कारण तागालोगमध्ये "हिंदी" म्हणजे "नाही". इंडियन माणसाला इथे बुंबाय म्हणतात, आपल्या बॉम्बेवरून आलेलं, व्याजाने पैसे देणाऱ्या मोटरसायकलवाल्यांमुळे त्या शब्दाला थोडा वास आहे पण समोरचा बहुतेक वेळा सहज बोलतो, लगेच मनाला लावून घेऊ नका.

बायबल स्टडीला, छोट्या ग्रुपला बोलावतील. ऐकायला आवडत असेल तर जा, नसेल तर पहिल्यांदाच गोड आणि स्पष्ट शब्दात नाही म्हणा. येते, बघते, नंतर सांगते असं लांबवलं की समोरचा खरोखर आशा धरून बसतो आणि मग सारखे फोन येतात, तुम्हाला तो दबाव वाटतो आणि त्याला फसवल्यासारखं वाटतं. एका मोठ्या ग्रुपमध्ये माझ्याबाबतीत हेच झालं होतं, शेवटी मी तो ग्रुपच सोडला, आणि त्यात माझ्या गुळमुळीत उत्तरांचाही वाटा होता. कुठलाही फॉर्म वाचल्याशिवाय भरू नका. मुलाच्या बाप्तिस्म्याला निनांग हो, म्हणजे गॉडमदर हो, असंही प्रेमाने विचारतील, ते धर्माने बांधलेलं नातं आहे, ते आपल्याला घेता येत नाही, पण समारंभाला जाता येतं, बाळासाठी पाकीट देता येतं.

इंडियात ख्रिश्चन आहेत का, हे विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे. आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया, ज्यांनी फ्रान्सिस्कन ब्रदरचा झगा तुमच्या मनिलात घेतला, तिथून दुभाषा म्हणून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये ते संत झाले, भारतातले पहिले. आणि फिलिपिन्सचे पहिले संत लोरेन्सो रुइझ, मनिलातल्या बिनोंदोचे, तेही नागासाकीतच गेले, १६३७ मध्ये. हे सांगितल्यावर समोरचा माणूस पुढे सरकून बसतो. क्वेझॉन सिटीत सान पेद्रो बाउतिस्ताचं जुनं चर्च आहे, हे बाउतिस्ता म्हणजे ज्यांच्याबरोबर आपले गोन्सालो जपानला गेले ते. वसईकरांनी तरी नक्की जाऊन या.

चॅरिटीच्या कामाला जाताना

माझ्या मते खरी ओळख इथेच होते. साधारण जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन, एखादं मोठं वादळ आलं की शाळांमध्ये, बास्केटबॉलच्या छतवाल्या कोर्टात लोकांना हलवतात आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज येतो, रिपॅकिंगला माणसं हवीत. डोळे झाकून हो म्हणा. भाषा यायची गरज नाही, पैसे लागत नाहीत.

काम असं असतं. तांदळाची पोती मोकळी करायची, पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत किलोकिलोने भरायचे, मग मोठ्या पिशवीत तांदूळ, सार्डिनचे डबे, नूडल्स, कॉफीची पाकिटं. पहिल्या दिवशी मी भराभर गाठी मारत सुटले. एका तिताने माझ्या हातातली पिशवी घेतली, टेबलावर हलकेच दोनदा आपटली, तांदूळ खाली बसले, तळव्याने दाबून आतली हवा काढली आणि मग वर दोन बोटं जागा सोडून गाठ मारली. हवा राहिली की ट्रकमध्ये एकावर एक रचताना पिशवी फुटते, आणि फुटलेली पिशवी ज्याच्या वाट्याला येईल त्याला तेवढं कमी. ती काही बोलली नाही, मी बांधलेल्या दहा-बारा पिशव्या सोडून पुन्हा बांधल्या आणि माझ्याकडे बघून हसली. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत समोरासमोर उभ्या होतो, आजही ती मला अनाक, म्हणजे लेकरू, म्हणते.

दुसरा प्रकार फीडिंगचा. मोठ्या पातेल्यात लुगाव करतात, आपली पेजच, आलं आणि चिकन घातलं की आरोझ काल्दो. मुलं घरून वाटी-चमचा घेऊन येतात. वाढताना खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन वाढा. मुलांचे फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय काढू नका आणि स्टेटसला तर टाकूच नका.

दावाओच्या एमबीबीएसवाल्यांना मेडिकल मिशनला बोलावतात. जा, पण रजिस्ट्रेशन, उंची-वजन, औषधांची पाकिटं करणं ह्यापुढे जे काही करायचं ते तिथल्या लायसन्स्ड डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि त्यांनी सांगितलं तरच.

पैशाबद्दल दोन-तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. कुणी जीकॅशचा, म्हणजे इथल्या मोबाइल पेमेंट अ‍ॅपचा, नंबर पाठवला की लगेच पैसे टाकू नका. आमच्या ग्रुपने एकदा आगीतल्या कुटुंबांसाठी म्हणून एका नंबरवर पैसे गोळा करून पाठवले, ते कुटुंबांपर्यंत पोचलेच नाहीत. तेव्हापासून मी पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसात किंवा कारितास ह्या कॅथलिक मदतसंस्थेला देते आणि पावती घेते. तुम्ही स्वतः चारचौघांत वर्गणी काढायला जाऊ नका, सार्वजनिक वर्गणीला इथे सरकारच्या समाजकल्याण खात्याचं परमिट लागतं, १९७८ चा तसा कायदाच आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने रस्त्यावर भीक देणाऱ्यालाही दंड सांगितलाय, वीस पेसोपर्यंत, म्हणून द्यायचं ते संस्थेतर्फे द्या.

कमी पैसे आहेत म्हणून लाजू नका. मनिलाच्या आर्चडायोसीझची, म्हणजे कॅथलिक धर्मप्रांताची, पोंदो नांग पिनॉय नावाची मोहीम आहे, तिची कल्पनाच अशी की रोज २५ सेंतावो बाजूला टाकायचे, गरिबातल्या गरिबालाही देता आलं पाहिजे. आणि एप्रिल २०२१ मध्ये, करोनात, क्वेझॉन सिटीच्या मागिनहावा स्ट्रीटवर अ‍ॅना पॅट्रिशिया नॉन ह्या मुलीने बांबूची एक छोटी गाडी उभी केली, त्यावर भाज्या, तांदूळ, डबे, आणि पाटी, जमेल तेवढं द्या, लागेल तेवढं घ्या. काही दिवसांत देशभर तशा गाड्या उभ्या राहिल्या. आमच्या गल्लीतल्या गाडीवर मी तूरडाळ ठेवली होती, ती कुणालाच कशी करायची माहीत नव्हती, मग दुसऱ्या दिवशी कागदावर कृती लिहून चिकटवली, संध्याकाळी डाळ गेलेली होती.

डिसेंबरात आलात तर

मग सुरुवात सिंबांग गाबीनेच करा. १६ ते २४ डिसेंबर, नऊ पहाटा, साधारण चार-साडेचारचा मास. आपल्या काकडआरतीची आठवण येईल, तीच थंडी, तेच झोपाळू डोळे, आजोबा पुढे आणि शाली गुंडाळलेली नातवंडं मागे. नऊच्या नऊ पूर्ण केले की मनातली इच्छा पूर्ण होते म्हणतात. मास संपला की चर्चच्या दारात बिबिंका, खाली-वर निखारे ठेवून केळीच्या पानात भाजलेली, नाव ऐकून गोव्याचा बिबिक आठवतो. वर खारवलेलं अंडं असतं, नको असेल तर आधी सांगा. सोबत जांभळा पुतो बुंबोंग, म्हणजे तांदळाचा वाफवलेला गोड पदार्थ, आणि सालाबात, म्हणजे आल्याचा गरम काढा. सुटे पैसे न्या, पहाटे पाचला हजार पेसोची नोट कुणी मोडून देत नाही.

परत निघताना

न सांगता निघू नका, घरातल्या मोठ्यांना पुन्हा मानो करून निघा. हातात खायचं बांधून देतीलच, बहुतेक आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात. घ्या, नाही म्हणू नका, तुम्ही खात नसाल तर फ्लॅटमधलं कुणी खाईल. तो डबा धुवून परत करायचा आणि रिकामा द्यायचा नाही, हे तर आपल्याला आईनेच शिकवलंय. भारतातून येताना आणायचं तर बेसनाचे लाडू उकाड्यात टिकतात, शेंगदाण्याची चिक्की त्यांना त्यांच्या पानुत्सा ह्या मिठाईसारखी लागते, आणि नारळाची वडी दिलीत तर म्हणतील अरे हे तर आमचं बुकायो.